जॉन प्राइन, बाबांची इतवारीची बीट आणि कोपरा फाटलेलं कार्ड

टपालवाल्याचा_पोरगा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, जमत नव्हतं. आज बाबा लवकर झोपले म्हणून बसलो.

इथे कोणी जॉन प्राइन ऐकतं का? अमेरिकेतला गायक, स्वतः गाणी लिहायचा, स्वतःच गिटार घेऊन गायचा. मला काहीच माहीत नव्हतं. २०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊन होता, मी घरून नाइट शिफ्ट करून राहिलो होतो, आणि टीममध्ये टेनेसीतला एक जण होता, एरवी फार बोलका, तो एका रात्री कॉलवर आला आणि म्हणाला आज मला जरा सांभाळून घ्या, जॉन प्राइन गेला. मला वाटलं नात्यातलं कोणी असेल. नंतर शोधलं तर हा गायक, ७ एप्रिलला नॅशव्हिलमध्ये कोविडनं गेला, वय ७३. शिफ्ट संपल्यावर पहाटे गच्चीवर जाऊन त्याचं पहिलं गाणं ऐकलं, खाली नागपूरचा मानेवाडा रोड एकदम सुनसान, एक गाडी नाही. आवाज काही गोड वगैरे नाही, म्हातारा शेजारी ओट्यावर बसून काहीतरी सांगून राहिला असं वाटतं. पण मी तिथेच उजाडेपर्यंत बसलो.

जीव अडकला तो मात्र वेगळ्याच गोष्टीत. हा माणूस गायक व्हायच्या आधी पोस्टमन होता! शिकागोच्या बाजूला मेवूड म्हणून गाव आहे तिथला, १९४६ चा जन्म, मधे सैन्यात जाऊन जर्मनीत गाड्या दुरुस्त करून आला, मग परत खांद्यावर थैली. तो सांगायचा की टपाल वाटत फिरणं म्हणजे पुस्तकं नसलेल्या लायब्ररीत बसल्यासारखं आहे, मग डोक्यात गाणी जुळवायची. १९७१ मध्ये पहिली रेकॉर्ड आली तेव्हा पंचविशीतला पोरगा होता आणि त्यात 'हॅलो इन देअर' आहे. म्हातारे नवरा-बायको, पोरं आपापल्या गावी, एक मुलगा कोरियाच्या लढाईत गेलेला, दोघांना एकमेकांशी बोलायलाही नवीन काही उरलं नाही. बस इतकंच गाणं. लहानपणी तो एका वृद्धाश्रमात पेपर टाकायला जायचा, तिथली म्हातारी माणसं शेजारच्या खाटेवरच्यांना सांगायची की हा माझा नातू आहे, भाचा आहे, मला भेटायला आला. ते त्याच्या डोक्यात राहिलं होतं.

माझे बाबा पण पोस्टमन. ३४ वर्षं केली, त्यातली बरीच वर्षं इतवारीच्या बीटवर, म्हणजे टपाल वाटायला ठरवून दिलेल्या भागात. गेल्या दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला, डावी बाजू गेली, आता बोलणं येतं पण हळू, शब्द शोधत शोधत. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसलो की मी फोनवर गाणी लावतो. एकदा प्राइन लागला, तर म्हणाले हा काय म्हणून राहिला? मी सांगितलं, बाबा, हा पण पोस्टमन होता. त्यांनी मान वळवून पाह्यलं माझ्याकडे. मग मी ओळ ओळ करून जमेल तसं मराठीत सांगितलं. म्हाताऱ्या नवरा-बायकोचं ऐकून झालं आणि ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते मी कधीच ऐकलं नव्हतं, आईलाही माहीत नव्हतं, आज मुख्य ते लिहायचं आहे.

तुमच्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल, हिंदी आणि मारवाडी घरांमध्ये कोणी गेलं की जे पोस्टकार्ड यायचं त्याचा एक कोपरा फाडलेला असायचा. घरच्यांनी ते वाचून लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. म्हणजे पोस्टमनला सगळ्यात आधी कळायचं. बाबा म्हणाले सॉर्टिंगच्या टेबलवर कार्डं लावतानाच बोटाला कोपरा लागला नाही की समजायचं, पत्ता नंतर वाचायचा.

इतवारीत एका गल्लीत एक घर होतं, मूळ छिंदवाड्याकडचे लोक. तिथली सून बाबांना रोज पाणी द्यायची, उन्हाळ्यात ताक. १९८३-८४ च्या आसपासचं असेल. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन फिरतात तेव्हा, त्या सुनेच्या नावानं कोपरा फाटलेलं कार्ड आलं, तिचे वडील गेले होते. बाबा गल्लीत शिरले तर ती दारात उभी, पोराला धोतर-टोपी घालून तयार केलेलं, हातात लाकडी बैल, बैलाच्या शिंगांना बेगड लावून राहिली होती. पोरानं बाबांनाच पहिला बोजारा, म्हणजे बैलाचे पैसे, मागितला. बाबांनी चार आणे दिले, पाणी प्याले, आणि म्हणाले आज काही नाही ताई.

कार्ड दुसऱ्या दिवशी दिलं.

बाबांचे शब्द जसेच्या तसे लिहितो, "एक दिवस होता तिचा. म्या घेतला का देला, मले आजपर्यंत समजलं नाही." आणि एक गोष्ट त्यांना जास्त टोचते. कार्डावर पोचल्याच्या तारखेचा शिक्का असतो ना, वाटपाच्या पोस्टात मारतात तो. शिक्का आदल्या दिवसाचा होता. तिनं तो पाह्यला का, हे बाबांना कधीच कळलं नाही. ती पाणी देत राहिली, तीन-चार वर्षांनी ते लोक घर सोडून गेले. चाळीस वर्षं हा माणूस हे घेऊन फिरला आणि मी एकाच छताखाली राहून मला पत्ता नाही.

तर मंडळी, दोन गोष्टी. प्राइन ऐकणारे असाल तर तुमचं आवडतं सांगा. आणि बाबांनी बरोबर केलं का, तुम्हाला काय वाटतं तेही सांगा, मी त्यांना वाचून दाखवीन.

बर्डीवाला

भाऊ, वाचून सुन्न झालो. मी इंग्रजी गाणी अजिबात ऐकत नाही, पण आत्ता तुमच्या धाग्यामुळे 'हॅलो इन देअर' लावलं, अर्धं कळलं, अर्धं नाही, तरी लगेच आजीला फोन केला काटोलला. काकांना नमस्कार. बरोबर केलं त्यांनी, शंभर टक्के.

मेघा_त्रिमूर्तीनगर

मी वेगळं लिहिणार आहे, कृपया काकांना वाईट वाटू देऊ नका.

प्राइनचं मला माहीत होतं. माझा नवरा ऐकायचा, त्याच्यामुळे. कोविड आधी प्राइनच्या बायकोला झाला, ती बरी झाली, त्याला मार्चच्या शेवटी दवाखान्यात भरती केलं तो परत आलाच नाही. दोनदा कॅन्सरमधून उठलेला माणूस. १९९८ मध्ये मानेचा, २०१३ मध्ये फुप्फुसाचा, एका फुप्फुसाचा तुकडा काढलेला. आणि २०१८ मध्ये सत्तरी ओलांडल्यावर नवीन गाण्यांचा अल्बम, तेही तेरा वर्षांनी, 'द ट्री ऑफ फर्गिव्हनेस', त्याच्या अख्ख्या आयुष्यात सगळ्यात वर गेलेला अल्बम तो. शेवटच्या गाण्यात मेल्यावर स्वर्गात जाऊन काय काय करणार ते सांगतो, कॅन्सरमुळे सिगरेट सोडावी लागली होती, तर तिथे नऊ मैल लांबीची सिगरेट ओढणार म्हणतो. आम्ही दोघं हसायचो त्यावर.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरी चौघं पॉझिटिव्ह. नागपूरची तेव्हाची अवस्था इथे सगळ्यांना माहीत आहे, बेड कुठे मिळाला आणि कुठे नाही ते परत उगाळत नाही. मी एका दवाखान्यात, आई दुसऱ्या. माझं ऑक्सिजन खाली-वर होत होतं. आई गेली आणि मला नऊ दिवसांनी सांगितलं. सगळ्यांनी मिळून ठरवलं की हिला आत्ता झेपणार नाही. मी रोज विचारायचे, आई कशी आहे, ते म्हणायचे झोपली आहे, बोलू शकत नाही, मास्क लावलाय. म्हणून मी तिला व्हॉइस मेसेज पाठवायचे. रोज. तिच्या फोनवर, जो माझ्या भावाच्या खिशात होता. त्यात मी तिला घरी आल्यावर काय काय करू ते सांगितलंय, तिच्या हातचं वडाभात खायचंय सांगितलंय, एकदा तर रागावलेही आहे की तू उत्तर का देत नाहीस.

त्यांनी मला वाचवायला केलं, मला कळतं. डॉक्टरही तेच म्हणाले असतील. पण ते नऊ दिवस माझे नव्हते, भाऊ. मला त्या दिवसांचं काही करता येत नाही, आठवायला गेलं की लाज वाटल्यासारखं होतं, सगळ्यांना माहीत आणि एकटी मीच बोलत बसलेली. एक दिवस आणि नऊ दिवस सारखे नाहीत हे मान्य. पण बातमी जिची आहे तिची असते.

प्राइनचं शेवटचं रेकॉर्ड केलेलं गाणं 'आय रिमेंबर एव्हरीथिंग' तो गेल्यावर जूनमध्ये आलं, पुढच्या वर्षी त्याला दोन ग्रॅमी मिळाले. एक म्हातारा माणूस सगळं काही आठवत बसलाय, बाकी त्यात काही घडत नाही. मी ते आजपर्यंत पूर्ण ऐकू शकलेले नाही. मध्ये बंद करते.

उमरेडकर

मेघाताई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. काही बोलत नाही त्यावर.

माह्यावाला प्राइन म्हणजे 'पॅराडाइज'. हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पॅराडाइज हे खरंच गावाचं नाव होतं, केंटकी राज्यात, ग्रीन नदीच्या काठावर, त्याच्या मायबापाचं मूळ त्या जिल्ह्यातलं. कोळसा काढला, वरून खोदत खोदत पूर्ण भाग उकरला, गाव नकाशावरून गेलं. पोरगा बापाला विचारते मले तिथं घेऊन चल, बाप म्हणते बेटा उशीर झाला. गाणं इतकंच आहे पण आमच्याकडच्या माणसानं ऐकावं म्हणजे समजते. माह्या मामाचं गाव खाणीत गेलं. आता तिथं ओबीचा डोंगर आहे, खाणीतून निघालेली माती टाकून टाकून झालेला, त्यावर बाभळी उगवल्या. मामाचं आंगण नेमकं कुठं होतं हे दाखवायला मामा मले घेऊन गेला होता तर त्यालेच सापडलं नाही, इकडे पाय टाके, तिकडे पाय टाके, शेवटी एका जागेवर उभा राहिला आणि म्हणे हे धर. पैसे मिळाले, नाही म्हणत नाही. पण म्हातारा नव्या घरी दोन वर्षं काढून गेला, दुखणं म्हणावं तर काही नव्हतं.

त्या गाण्यात प्राइन सांगते की मी मेलो की माह्या अस्थी ग्रीन नदीत सोडा. पंचविशीत लिहिलं होतं ते. आणि तो गेल्यावर घरच्यांनी खरंच काही अस्थी त्या नदीत सोडल्या. मामाच्या आपण रामटेकला अंबाळ्यावर सोडल्या, त्याची इच्छा गावच्या नाल्यात सोडा अशी होती. नालाच नाही राहिला, सोडणार कुठं.

काकाचं म्हणाल तर मी काही बरोबर-चूक म्हणणार नाही. चार आणे देले ना त्यायनं पोराले, ते मले जास्त लागलं.

निर्गुणी_मन

धागा फार आतून आलाय. मी मुख्यतः शास्त्रीय ऐकणारा, प्राइन मला मुलीनं ऐकवला आणि पहिल्यांदा मी नाक मुरडलं होतं. मग तिनं एकच गाणं दोनदा लावलं, एकदा १९७१ चं आणि एकदा ऑपरेशननंतरचं. १९९८ च्या ऑपरेशननं आणि रेडिएशननं त्याचा आवाज खाली उतरला, खरखरीत झाला, गाण्यांच्या पट्ट्या बदलाव्या लागल्या. तो स्वतः सांगायचा की मला हा नवा आवाजच जास्त आवडतो. ते ऐकलं आणि मला कुमारजी आठवले.

कुमार गंधर्व ऐन पंचविशीच्या आत क्षयानं आडवे झाले, देवासला खाटेवर वर्षानुवर्षं, गायचं नाही असा डॉक्टरांचा हुकूम. बाहेरून माळव्यातल्या बायकांची गाणी, पाखरं, तेवढंच कानावर. बरे झाले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी. लांब दमाच्या तानांवर भिस्त ठेवता येईना म्हणून छोट्या छोट्या तुकड्यांत, एकदम झेप घेऊन परत येणारं गाणं तयार झालं. आपण ज्याला कुमारांची गायकी म्हणून डोक्यावर घेतो ती अशी श्वास मोजत घडली आहे. मी त्यांचं निर्गुणी भजन ऐकताना आता त्या दोन स्वरांमधल्या श्वासाकडेच कान देतो. प्राइनच्या नंतरच्या रेकॉर्डमध्येही शब्द संपण्याआधी आवाज थोडा विरतो, ती जागा ऐका.

आणि स्वतः लिहून स्वतः गाणारा म्हटल्यावर वैदर्भीय माणसाला लांब जायची गरज नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज! स्वतःची रचना, स्वतःची खंजिरी, समोर हजारो माणसं. तेही कॅन्सरनं गेले, १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये, मोझरीला. माझी आई त्यांची भजनं स्वयंपाक करताना म्हणायची, तिचं अक्षरज्ञान तेवढ्यापुरतंच होतं.

टपालवाले भाऊ, काकांची वाचा हळू झाली आहे म्हणालात. घाई करू नका, शब्द सुचवू नका. माझ्या वडिलांच्या वेळी मी प्रत्येक वाक्य पुरं करून द्यायचो, आता वाटतं त्यांना स्वतःला शोधू द्यायला हवा होता तो शब्द.

नाइटड्यूटी

मी आयसीयूत सिस्टर आहे, बारा वर्षं झाली. हा प्रश्न आमच्याकडे दर आठवड्याला येतो. रात्री दोनला पेशंट गेला, मुलगी गर्भार आहे, नवरा म्हणतो सकाळी सांगा. किंवा मुलगा गाडी चालवत चंद्रपूरवरून येऊन राहिलाय, फोनवर सांगायचं की पोचू द्यायचं? आम्ही फोनवर "सिरियस आहे, या" म्हणतो. तो समजून जातो, आम्हालाही माहीत असतं की तो समजला, तरी दोघंही तसंच बोलतो, कारण त्याला हायवेवर स्टिअरिंग धरायचं आहे.

माझ्या अनुभवानं सांगते, लोक उशीर माफ करतात, खोटं नाही करत. मेघाताईंना रोज "झोपली आहे" सांगितलं गेलं. काकांनी एकदाच "आज काही नाही" म्हटलं. ते पण खोटंच, पण ते वाक्य त्यांनी चाळीस वर्षं स्वतःकडे ठेवलं. मेघाताई, तुमचे व्हॉइस मेसेज भावाकडे असतील तर पुसू देऊ नका.

बर्डीवाला

मेघाताई, मी वर शंभर टक्के लिहिलं होतं ते मागे घेतो. मला आता माहीत नाही.

टपालवाल्याचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी बाबांना सगळा धागा वाचून दाखवला, तास-दीड तास लागला कारण ते मधे मधे हात वर करून थांबवायचे. उमरेडकर भाऊ, तुमच्या मामाचं ऐकताना त्यांनी विचारलं कोणतं गाव, मग त्या पोस्टाचं नाव स्वतःच सांगितलं, ब्रँच ऑफिस कोणत्या सब ऑफिसखाली होतं तेही. लकव्यानंतर घरातल्यांची नावं चुकतात पण हे बरोबर आठवतं!

'पॅराडाइज'बद्दल एक राहिलं. प्राइननं ते गाणं बापासाठी लिहिलं होतं. रेकॉर्ड केल्यावर टेप घेऊन घरी गेला, मशीन कोणाचं तरी मागून आणलं, आणि गाणं सुरू झालं तसा बाप उठून बाजूच्या खोलीत गेला, अंधारात बसला. का म्हणून विचारलं तर म्हणाला, ज्यूकबॉक्सवर वाजून राहिलं असं समजून ऐकतो. मी बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, पोरासमोर कसं बसल रे तो.

मेघाताई, तुमचं वाचताना माझाच आवाज अडकत होता, थोडं गाळावं असंही वाटलं, पण निर्गुणी काकांचं मनावर घेऊन पूर्ण वाचलं. बाबा खूप वेळ खिडकीकडे पाहत होते. मग म्हणाले, "बाई बरोबर सांगून राहिली. माह्या हातातलं कार्ड होतं, माहं नव्हतं." मी म्हटलं बाबा, तुम्ही चांगल्यासाठीच केलं. तर म्हणाले चांगल्यासाठी केलं, पण विचारून नाही केलं. इतकं लांब वाक्य दिवाळीपासून पहिल्यांदा बोलले.

मग त्यांनी विचारलं त्या बाईचं नाव काय. म्हटलं बाबा, इथे खरं नाव नसते, आयडी असते. ते म्हणाले, मग पत्ता? उजवा हात चालतो त्यांचा, अक्षर वाकडं येते पण वाचता येते. दोन ओळी लिहायच्या म्हणून राहिले. तुम्हाला चालणार असेल तरच, नाहीतर मी त्यांना समजावून सांगतो.

मेघा_त्रिमूर्तीनगर

चालेल. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे.

काकांना सांगा, दुपारी दोनच्या पुढे मी घरीच असते. आणि नाइटड्यूटी ताई, भावाला विचारलं आज. आहेत सगळे, बेचाळीस आहेत. मी अजून ऐकले नाहीत.